पीराचा दरबार आणि आपले भूत

डॉ. सुधीर काकर यांचा 'शामन्स, मिस्टिक्स अँड डॉक्टर्स' हा इंग्रजी ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. देवऋषी, संत आणि वैद्य या तिघांकडे भारतीय माणूस आपले मनोदुःख घेऊन कसा जातो, याचा तो शोध आहे. ग्रंथास चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला असता त्याचे परीक्षण करणे म्हणजे निकाल लागून गेलेल्या दाव्याचे दप्तर पुन्हा उघडणे होय, असे कोणी म्हणेल. परंतु २०२४ साली दोन गोष्टी घडल्या. एप्रिलात काकर निवर्तले. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध आपल्या सासष्टीतील बाणावली गावी गेला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुजरात विधानसभेने नरबळी, अघोरी प्रथा व काळी जादू यांविरुद्धचे विधेयक संमत केले. महाराष्ट्राने तसा कायदा २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर केला होता. सुरतेत वकिली करणाऱ्या माणसास आता या प्रश्नाकडे पाठ फिरविता येत नाही, आणि प्रश्नाचा विचार करू लागले की काकरांच्या ग्रंथाकडेच पुन्हा यावे लागते.

काकरांचा जन्म नैनितालचा. अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी अहमदाबादेत घेतले आणि पुढे एरिक एरिक्सन यांच्या सहवासात ते मनोविश्लेषणाकडे वळले. त्यांच्या या ग्रंथाची आरंभीची दोन प्रकरणे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले दिल्लीतील पत्तेशाह दर्ग्याच्या पीरावर आहे. हा वृद्ध मुसलमान 'बाबा' रोग्यांस भेटतो, त्यांची विचारपूस करतो, आणि जिन्न व बला यांच्या भाषेत त्यांच्या दुःखाचा अर्थ लावून देतो. काकर त्याच्या शेजारी बसतात. त्याची थट्टा करीत नाहीत आणि त्याच्या पायांवरही लोळण घेत नाहीत. दोन निरनिराळ्या विद्यांच्या माणसांनी एकाच रोग्याकडे पाहावे, असा त्या प्रकरणाचा सूर आहे, आणि तो आजही ताजा वाटतो.

इस्लामी समजुतीप्रमाणे जिन्न ही अग्नीपासून निर्माण झालेली अदृश्य जात आहे. त्यांच्यातही श्रद्धावान आणि अश्रद्ध असे दोन्ही असतात. अरबी भाषेत वेड्यास 'मजनून' म्हणतात, म्हणजे ज्यास जिन्नाने ग्रासले आहे असा. लैलेचा मजनू तो हाच. आपण 'लागीर झाले', 'पछाडला' म्हणतो, तीच ही कल्पना. आपली दृष्ट, कोंकणीतली दिश्ट आणि दर्ग्यातली नजर यांत नावापलीकडे फारसे अंतर नाही.

दुसरे प्रकरण राजस्थानातील मेहंदीपूरच्या बालाजी मंदिरासंबंधी आहे, आणि देवळाच्या सभामंडपात लहानाचा मोठा झालेल्या वाचकाने ते सावकाश वाचावे असे आहे. तेथे काकरांनी ज्या २८ रोग्यांचा अभ्यास केला, त्यांपैकी १५ जणांना पछाडणारे भूत मुसलमान निघाले! रोगी हिंदू, देव हिंदू, क्षेत्र हिंदू. आणि अंगात शिरलेला मात्र परधर्मी. रोग्याच्या तोंडून तो बोलू लागला की निषिद्ध अन्न मागतो, निषिद्ध संबंधांची भाषा करतो, देवास शिव्या देतो. काकरांचा निष्कर्ष असा की, जी इच्छा मनुष्यास स्वतःची म्हणून कबूल करवत नाही, ती तो परक्याच्या नावे लिहितो. आणि हिंदू मनास मुसलमानाइतका जवळचा परका दुसरा कोण मिळणार? भूत हे अशा रीतीने रोग्याचेच दडवलेले दप्तर ठरते.

हा शोध ग्रंथातील सर्वांत मोलाचा आणि आपल्यासाठी सर्वांत अप्रिय आहे. अप्रिय एवढ्यासाठी की, तो पछाडलेल्या सुनेपुरता राहत नाही. जे मन एकट्याच्या आजारात हे करते, ते समुदायाच्या आजारातही करू शकते. १९९२ च्या डिसेंबरात सुरतेने जे पाहिले, ते विसरलेला माणूस या शहरात विरळा. काकरांनी स्वतः पुढे 'द कलर्स ऑफ व्हायोलन्स' (१९९६) या हैदराबादच्या दंगलींवरील ग्रंथात हे १५ जण पुन्हा आठवले, ते उगाच नव्हे. तरीही त्यांच्या विवेचनात एक उणीव राहतेच. भूत मुसलमान का, हे ते सांगतात. पण ज्या शेजाऱ्याचे नाव या भुतास चिकटले, त्या शेजाऱ्याचे काय, हे १९८२ च्या ग्रंथात ते विचारीत नाहीत. रोग्याची सुटका होते ती एका तिसऱ्याच माणसाची अब्रू खर्ची घालून. मनोविश्लेषकास हा प्रश्न आपल्या खोलीबाहेरचा वाटला असेल. वकिलास तो बाहेरचा वाटत नाही.

आता याची दुसरी बाजू. हाच हिंदू रोगी बालाजीस जातो तसा दर्ग्यासही जातो. गुजरातेत उंझ्याजवळ उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. तेथे गुजरात, राजस्थान, मुंबई अशा दूरदूरच्या ठिकाणांहून हिंदू आणि मुसलमान, त्यांतही स्त्रिया अधिक, मनाचे आजार घेऊन येतात. जर्मन मानवशास्त्रज्ञ बेआट्रिक्स फ्लायडरर यांनी या दर्ग्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचा 'द रेड थ्रेड' हा ग्रंथ २००६ साली इंग्रजीत आला. आपणास छळतो तो मुसलमान आणि सोडवितो तोही मुसलमान, ही गोष्ट रोग्यास विसंगत वाटत नाही. मुसलमान भुतावर मुसलमान पीराचाच हुकूम चालणार, असे त्याचे म्हणणे. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर तो अधिकारक्षेत्र पाहून दावा लावतो.

ही कोटी नव्हे. या सर्व ठिकाणांची परिभाषाच न्यायालयाची आहे. मेहंदीपुरास दरख्वास्त असते, अर्जी असते, पेशी असते. प्रेतराजांचा दरबार भरतो आणि भैरव कोतवाल असतो. उनावा येथे, तसेच माळव्यातील जावऱ्याच्या हुसेन टेकरीवर, अंगात येण्यास 'हाजरी' म्हणतात. काकर हे शब्द टिपतात, परंतु त्यांच्या लेखी ती पार्श्वभूमी आहे. त्यांचे लक्ष रोग्याच्या बालपणाकडे, कुटुंबाकडे, दडपलेल्या वासनांकडे. मला वाटते, बरे वाटण्याचे रहस्य पुष्कळ अंशी या परिभाषेतच आहे. दरबारात आरोपी कोण? भूत. रोगी हा फिर्यादी, किंवा फार तर ज्या जागेवर अतिक्रमण झाले ती जागा. 'तू वेडी आहेस' असे तिला कोणी म्हणत नाही. 'तुझ्यावर अन्याय झाला आहे, त्याची सुनावणी चालू आहे' असे म्हणतात. जिचे ऐकणारे घरात कोणी नव्हते, तिचे म्हणणे आता सासूसासरे, नवरा, दीर सगळे हात जोडून ऐकतात, कारण ते तिचे म्हणणे नसून जिन्नाचे असते. तारीख पडते, पुन्हा पडते, महिने जातात, आणि प्रत्येक वेळी कुटुंबास तिच्याबरोबर यावे लागते. दवाखान्यात रोगाचे नाव रोग्याच्या कपाळी कायमचे बसते, लग्नाच्या बोलण्यात ते पुन्हा निघते. दरबारात ते नाव दुसऱ्याच्या माथी जाते.

परंतु न्यायालय म्हटले की न्यायालयाच्या कसोट्याही लावल्या पाहिजेत. पहिली कसोटी अशी की, आपल्याच दाव्यात कोणी आपण न्यायाधीश असू नये. मुजावराचा चरितार्थ नजराण्यावर चालतो, आणि हाजरी संपली आहे की आणखी चाळीस दिवस हवीत, हेही तोच सांगतो. (आपल्याकडील घाडी आणि देवऋषी यांस हे शब्दशः लागू आहे.) दुसरी कसोटी याहून मोठी आहे. शिक्षा आरोपीस व्हावी. भुतास दिलेला मार मात्र पडतो फिर्यादीच्या पाठीवर, आणि भुतासाठी आणलेली साखळी बसते तिच्या घोट्यात.

तमिळनाडूतील एरवाडी हे असेच एक प्रसिद्ध दर्ग्याचे गाव. दर्ग्याच्या आसऱ्याने तेथे मनोरुग्णांना पैसे घेऊन ठेवणारी खाजगी 'गृहे' उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांतील एकास आग लागली. माणसे खांबांना, खाटांना साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण मेले. सर्वोच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातील वृत्तावरून स्वतःच याचिका दाखल करून घेतली. त्या प्रकरणाच्या नावात मृतांचा आकडा २५ असा पडला, तो तसाच राहिला. काकरांचा ग्रंथ या आगीच्या एकोणीस वर्षे आधीचा, म्हणून तिचा उल्लेख त्यात नाही हा दोष नव्हे. परंतु साखळी १९८२ सालीही होतीच. उपचाराच्या अर्थाकडे इतक्या बारकाईने पाहणारी दृष्टी रोग्याच्या शरीरावरील वळांकडे तितक्या बारकाईने पाहत नाही, हे मात्र म्हटले पाहिजे.

माझा दुसरा आक्षेप ग्रंथाच्या मांडणीवर आहे. तीन विभागांपैकी मुसलमान माणसाचे स्वतंत्र प्रकरण येते ते केवळ पहिल्यात, लोकपरंपरेच्या विभागात, जिन्न उतरविणारा पीर म्हणून. साधनामार्गांच्या विभागात राधास्वामी आहेत, तंत्र आहे, माताजी निर्मलादेवी आहेत. सूफींस प्रकरण नाही. वैद्यकाच्या विभागात आयुर्वेद आहे. युनानीस प्रकरण नाही. एका माणसाने सगळेच लिहावे असे नव्हे, पण परिणाम असा होतो की हिंदू परंपरेस खालचा मजला आणि वरचे दोन्ही मजले मिळतात, आणि इस्लामच्या वाट्यास तळमजल्यावरची एक खोली येते. आपला वाचक हे वाचून संतुष्ट होईल. त्याने तसे होऊ नये.

नवव्या-दहाव्या शतकांतील अबू झैद अल-बल्खी (मृत्यू इ. स. ९३४) याने शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. मनाचे आजार शरीराच्या आजारांप्रमाणेच सर्वांना होतात, असे तो मानतो. कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारण न सापडणारे दुःख यांत तो भेद करतो, व दुसऱ्याचे मूळ शरीरात शोधतो. घरात औषधे तयार ठेवावीत तसे निरोगी असतानाच चांगले विचार साठवून ठेवावे, हा त्याचा सल्ला आहे. या विवेचनात जिन्नास जागा नाही. कैरोतील सुलतान कलाऊनचे इस्पितळ १२८४ च्या सुमाराचे; तेथे मनोरुग्णांसाठी वेगळी व्यवस्था होती. प्रत्येक व्याधीस औषध आहे, ते घ्यावे, अशा आशयाची पैगंबरांची शिकवण हदीसांत आहे, आणि मुसलमान वैद्य तिचा आधार घेत आले आहेत.

याहून हृदयस्पर्शी उदाहरण अल-गझाली याचे. १०९५ साली बगदादच्या निझामिया विद्यापीठाचा हा थोर आचार्य शिकविण्यास बसला असता त्याची वाचा बंद पडली. अन्न जाईना. वैद्यांनी हात टेकले व सांगितले की रोग अंतःकरणात आहे, चिंता हटल्याखेरीज औषध चालणार नाही. त्याने पद सोडले, शहर सोडले, आणि पुष्कळ वर्षे एकांतात, ईश्वरस्मरणात घालवून ११०६ च्या सुमारास तो पुन्हा अध्यापनाकडे वळला. हे सर्व त्याने स्वतःच्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. इस्लामी श्रद्धेचा मनःस्वास्थ्याशी संबंध कोणता, या प्रश्नास दर्ग्याबाहेरून मिळणारे हे एक उत्तर आहे. येथे भूत नाही, दरबार नाही, परका नाही. मनुष्य आपल्या दुःखाचा धनी आपणच होतो. ईश्वराच्या स्मरणाने अंतःकरण स्थिरावते ही त्या धर्माची धारणा आपल्या नामस्मरणाच्या परंपरेस किती जवळची आहे, हे वारकऱ्यांच्या भूमीतील वाचकास समजावून सांगावयास नको.

खुद्द सुरतेच्या परिसरातही मुसलमानांत या बाबतीत एकमत नाही. शहरात रिफाई परंपरेची गादी आहे, दर्गे आहेत, उरूस भरतात. आणि तापीच्या पलीकडे रांदेर येथे व दक्षिणेस डाभेल येथे देवबंदी वळणाचे मदरसे आहेत. कबरीपाशी मागणे मागणे धर्मबाह्य आहे, असे तेथील पंडित शिकवितात. ज्या बंदरातून हाजी मक्केस निघत म्हणून 'मक्केचे द्वार' अशी ख्याती झाली, त्या शहरात 'इस्लाम असे सांगतो' हे वाक्य इतक्या सहज उच्चारता येत नाही.

आपल्या बाजूसही सुरतेत हा वाद जुना आहे, आणि त्यात एका मराठी माणसाचा हात आहे. २२ जून १८४४ रोजी येथे मानवधर्म सभा स्थापन झाली. मेहताजी दुर्गाराम मंछाराम हे तिचे प्राण, आणि मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर, जे त्या वेळी सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते, ते तिचे एक संस्थापक. सभेने मांत्रिकांस आणि भुतेखेते उतरविणारांस उघड आव्हान दिले की, तुमची विद्या चारचौघांत सिद्ध करून दाखवा. पुढे मुंबईस जाऊन दादोबांनी १८४९ साली परमहंस सभा काढली. त्यांचे आत्मचरित्र आपल्या गोव्याचे संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ साली संपादून प्रसिद्ध केले, ही आपणा सर्वांच्या अभिमानाची गोष्ट. दुर्गारामांचे आव्हान धैर्याचे होते. पण मंत्र खोटा ठरल्यावर त्या संध्याकाळी रोग्यास घेऊन कोठे जावे, याचे उत्तर तेव्हाच्या सुरतेत कोणापाशी नव्हते. अहमदाबादेचे मनोरुग्णालयसुद्धा १८६३ चे. सुधारकांनी विचारले, हे खरे आहे काय? काकरांनी विचारले, याने बरे वाटते काय? पहिल्या प्रश्नास दुर्गारामांचे उत्तर मला मान्य आहे. तरीही दुसरा प्रश्न उरतो, आणि काकरांच्या ग्रंथाचे महत्त्व ते हेच.

उनाव्यास या दोन प्रश्नांची जी गाठ पडली, ती पुस्तकात नव्हे, प्रत्यक्षात. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस श्री. मिलेश हमलाई यांच्या 'अल्ट्रुइस्ट' या संस्थेने गुजरात शासनाच्या आरोग्य विभागाच्या साहाय्याने तेथे 'दवा-दुआ' हा उपक्रम सुरू केला. दर्ग्यातच मनोविकारतज्ज्ञ बसू लागला. मुजावरांना आजाराची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले. दुआ झाल्यावर ते रोग्यास डॉक्टरकडे पाठवू लागले. जर्मन अभ्यासक हेलेने बासू यांचा 'ड्रग्ज अँड प्रेअर्स' (२००९) हा बोलपट याच दर्ग्यासंबंधी आहे. काकरांच्या ग्रंथानंतर तो अवश्य पाहावा, कारण काकर आणि त्यांचा पीर यांच्यात जो संवाद दोन व्यक्तींच्या सौजन्यावर चालला होता, तोच येथे दोन व्यवस्थांत चालविण्याची खटपट आहे, आणि ती सोपी नाही.

आता गंमत पाहा. एरवाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली जे निर्देश दिले, त्यांत मनोरुग्णांस देवळांत वा दर्ग्यांत न नेता डॉक्टरांकडे न्यावे असा प्रचार करावा, असाही एक निर्देश आहे. उनाव्यास डॉक्टरच दर्ग्यात आला! निर्देशाच्या अक्षरास हे सोडून आहे. त्याच्या हेतूस मात्र नव्हे, असे माझे मत आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे, निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रोगी उपचारावाचून राहतात. 'डॉक्टरकडे पाठवा' या आज्ञेत डॉक्टर आहे हे गृहीत धरले आहे, आणि तो आहे हे कळले तरी त्याच्या दारात शिरण्याची लाज हा वेगळाच उंबरठा आहे. दर्ग्याचा उंबरठा लोक आधीच ओलांडून आलेले असतात.

हे वाचताना आपले वाचक उनावा आणि एरवाडी यांचाच विचार करीत असतील, तर त्यांनी गाणगापूर आठवावे. मध्याह्नीच्या महाआरतीस खांबांवर चढणारी, किंचाळणारी माणसे तेथे कोणी पाहिली नाहीत? २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये तमिळनाडूतील एका देवळात राहावयास आलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. औषधाखेरीज, देवळाच्या शांत वातावरणात काही आठवडे राहून त्यांच्या लक्षणांत सुमारे पाचव्या हिश्शाने उतार पडल्याचे डॉ. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. त्या देवळात मारहाण नव्हती, साखळी नव्हती. राहण्यास जागा होती आणि सोबतीस घरचे माणूस. उतार पाचवा हिस्सा, हेही विसरू नये. उरलेल्या चार हिश्शांसाठी वैद्य लागतोच.

गोमंतकातील आपल्या बहुतेक देवस्थानांस अग्रशाळा आहेत. कौल-प्रसादासाठी आलेली कुटुंबे तेथे उतरतात, आणि त्यांत कधी कधी मनाने आजारी असलेले माणूस असते. ही गोष्ट कोणा व्यवस्थापक समितीस नवी नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या ९५ व्या कलमाने मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे, कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. उत्तर प्रदेशातील बदायूँ येथील एका श्रद्धास्थानी माणसे बांधून ठेवल्याची तक्रार आली, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाकडे बोट दाखविले. कायद्यातील 'मानसिक आरोग्य संस्था' या शब्दांची व्याख्याही विस्तृत आहे. खाजगी वा सार्वजनिक न्यासाने चालविलेली आणि मनोरुग्णास तात्पुरते का होईना काळजीसाठी ठेवून घेणारी जागा तीत येऊ शकते. अग्रशाळेतील दोन रात्रींचा मुक्काम तीत बसतो असे मी म्हणणार नाही. देवळाच्या माणसाच्या देखरेखीखाली दोन महिने ठेवलेला रोगी बसणार नाही, असेही कोणी वकिलाने छातीठोकपणे सांगू नये. महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने पूजा, यात्रा, प्रदक्षिणा यांस स्पष्ट संरक्षण दिले आहे. भूत उतरविण्याच्या निमित्ताने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे यांस दिलेले नाही. उनाव्याप्रमाणे महिन्यातून एक दिवस मनोविकारतज्ज्ञ अग्रशाळेत बसविण्यास यांपैकी कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.